तीन खुरांची माती

गोदावरीच्या काठच्या अश्मक देशावर अंशुमान राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व घोडेवाल्यांच्या कुळात जन्मला होता. ही गोष्ट घडली तेव्हा तो म्हातारा झाला होता आणि राजधानीच्या पूर्व वेशीपाशी जी घोडेआळी होती, तिच्यातल्या ऐंशी घरांचा ज्येष्ठ होता. सगळे त्याला काका म्हणत. ज्यांचे केस त्याच्याइतकेच पिकले होते तेही काकाच म्हणत.

ही ऐंशी घरे राजाचे निरोप गावोगाव पोचवत. त्या मुलखातली माती काळी आणि चिकट. पावसाळा सरता सरता ती घोड्याच्या खुरात भरते, वाळते आणि विटेसारखी घट्ट होऊन बसते. आत एखादा खडा नाहीतर बाभळीचा काटा राहिला तर वरून काही दिसत नाही आणि खूर आतून कुजत जातो. म्हणून आळीत एक रीत होती. संध्याकाळी घोडा परत आला की मालकाने, नोकराने नव्हे, त्याचे चारही खूर एकेक करून उचलायचे, लोखंडी आकडीने कोरून साफ करायचे आणि प्रत्येक खुरातून निघालेली माती हौदाजवळच्या आपल्या दगडावर वेगवेगळी ठेवायची. चार खूर, चार ढिगल्या. मग बोधिसत्त्व हौदाभोवती फेरी मारी, प्रत्येक दगडावरच्या ढिगल्या मोजी आणि मान हलवून पुढे जाई. मोजणी झाल्याशिवाय मालकाने पाण्याचा घोट घ्यायचा नाही.

याच आळीत नागिल नावाचा एक घोडेवाला राहत असे. वय तिशीच्या आतबाहेर, स्वार म्हणून आळीत पहिला, पण पायाला भिंगरी. जेवायला बसला तरी एक गुडघा उभाच. दारातून आत येताना हा मनाने बाहेर पडलेला असे. कुणी त्याला निरोप सांगू लागले तर निरोप संपायच्या आत तो घोड्यावर, आणि मग अर्ध्या वाटेवरून उरलेला अर्धा निरोप विचारायला परत. त्याची बायको कुमुदा थट्टेने म्हणे, "अहो, झोपेत तरी एका जागी असता का?"

नागिलाकडे एकच घोडी होती, सावळी. शिंगरू होती तेव्हापासून त्यानेच तिला वाढवले होते आणि तिच्यावर त्याचा फार जीव होता. तिने कधी कुणाला लाथ मारली नाही, वाटेत कधी अडून बसली नाही. खोड एकच. तीन पाय ती हात लावताच देई. उजवा मागचा मात्र देत नसे. लहानपणी तो पाय दावणीच्या दोरीत अडकून सोलवटला होता, त्याची धास्ती तिच्या मनातून गेली नव्हती. तो पाय हवा असेल तर तिच्या कुशीला खांदा लावून गप्प उभे राहावे लागे. काही बोलायचे नाही, ओढायचे नाही. मग केव्हातरी ती आपण होऊन भार दुसऱ्या पायावर टाकी आणि हा पाय सैल सोडी. शंभरपर्यंत आकडे मोजून व्हावेत एवढा वेळ त्यात जाई. नागिल एका दमात विसाच्या पुढे कधी गेला नव्हता; चार-पाचदा फिरून येऊन कसाबसा तो पाय मिळवी.

त्याने ठरवून लबाडी केली नाही, एवढे त्याच्या बाजूने सांगायला हवे. भाद्रपद लागता लागता एका संध्याकाळी तीन खूर झाले होते, चौथ्यापाशी तो दोनदा उभा राहून दोनदा कंटाळला होता, आणि तिकडून बोधिसत्त्व फेरी मारत जवळ येत होता. नागिलाने दगडाकडे पाहिले. त्याच्या बोटांनी तिन्ही ढिगल्यांतली चिमूट चिमूट माती उचलली आणि चौथी ढिगली मांडली. बोधिसत्त्व आला, चार मोजल्या, मान हलवून पुढे गेला. नागिल घटाघटा पाणी प्यायला. एवढ्यावर भागते हे एकदा कळल्यावर दुसऱ्या दिवशी त्याने चौथ्या पायापाशी उभे राहण्याचेही कष्ट घेतले नाहीत. असा महिना उलटून गेला.

आश्विनी पौर्णिमेला त्या नगरात राजाची अश्वयात्रा निघे. वेशीपासून नदीच्या वाळवंटापर्यंत सगळे घोडे सजून जात आणि सर्वांत पुढे निवडलेला एक घोडा एकटा चाले. तो राज्याचे भाग्य घेऊन चालतो अशी समजूत होती. त्यामुळे एक जुनी आज्ञाही होती: निवडलेला घोडा लंगडा निघाला तर अपशकुन म्हणून त्याला नगराबाहेर वाघदरीत नेऊन सोडायचे. वाघदरी या नावातच सारे आले. त्या वर्षी राजाने यात घसघशीत बक्षिसाची भर घातली. ज्या आळीचा घोडा पुढे चालेल तिला नदीकाठचे कुरण कायमचे मिळणार होते.

पौर्णिमेला दहा दिवस उरले असताना राजाची माणसे आळीत आली आणि त्यांनी सावळीची निवड केली.

आळीत त्या दिवशी गूळ वाटला गेला. दरवर्षी उन्हाळ्यात चाऱ्यासाठी वणवण करणारी ऐंशी घरे आता आपल्या कुरणाची स्वप्ने पाहू लागली. नागिलाचे पाय जमिनीवर नव्हते, म्हणजे नेहमीपेक्षाही नव्हते. तो झूल शिवायला टाकून आला, घुंगुर आणायला गेला, झूल झाली का ते पाहायला पुन्हा गेला.

सहाव्या दिवशी सकाळी सावळीला पाण्यावर नेताना त्याच्या कानाला काहीतरी खटकले. टापांचा आवाज सारखा येत नव्हता. तीन टापा नेहमीच्या, आणि चौथी नुसती टेकून उचलल्यासारखी. त्याने तिला उभे केले आणि खुरांवर हात ठेवून पाहिले. तीन खूर गार होते. उजवा मागचा तव्यासारखा तापला होता.

नागिलाच्या तोंडचे पाणी पळाले. त्याने तिथेच तो पाय उचलायला घेतला. आता तर तिला तो दुखत होता. तिने कान मागे पाडले आणि पाय आवरून घेतला. त्याने गोंजारले, रागावला, ओढून पाहिले, हात जोडले. दिवसभरात दहा वेळा तो तिच्यापाशी गेला असेल आणि दहाही वेळा घाईघाईने गेला. ती काही पाय देईना.

मग सुरू झाली लपवाछपवी. कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून तो तिला पहाटेच नदीवर नेऊन गार पाण्यात उभी करी, त्याने थोडा वेळ तिला बरे वाटे. थाणात, तिच्या बांधायच्या जागी, त्याने गुडघाभर गवत पसरले. तिळाच्या तेलात काजळी खलून चारही खूर बाहेरून असे चकचकीत केले की शेजाऱ्यांनी वाहवा केली. आणि संध्याकाळी दगडावर नेहमीसारख्या चार ढिगल्या मांडल्या.

कुमुदेपासून हे लपणारे नव्हते. ती म्हणाली, "अहो, काकांना जाऊन सांगा."

"सांगितलं तर वाघदरीत सोडतील तिला."

"आणि नाही सांगितलं तर?"

"वाळवंटातून तर चालायचंय. वाळूत लंगडणं दिसत नाही. एकदा यात्रा होऊ दे, मग मी बघतो."

"बघता!" कुमुदा म्हणाली. "दीड महिना बघायचं तेवढं बघितलंत की." हे तिला कसे कळले ते त्याने विचारले नाही. तो उठून बाहेर गेला, आत आला, पुन्हा बाहेर गेला.

यात्रेच्या आदल्या सकाळी घोडी राजवाड्याच्या स्वाधीन करायची होती. त्यापूर्वी आळीच्या ज्येष्ठाने तिचे चारही खूर स्वतःच्या हाताने उचलून पाहायचे आणि ती निर्दोष असल्याचे राजाला सांगायचे, असा नियम होता. हौदापाशी सगळी आळी जमली. बोधिसत्त्वाने तीन खूर पाहिले आणि तो उजव्या बाजूला वळला. त्याने सावळीच्या कुशीला खांदा लावला आणि उभा राहिला.

नागिलाला वाटले, ही पाय देणार नाही. म्हातारा कंटाळेल, म्हणेल, असू दे, तीन चांगले तर चौथाही चांगलाच असणार. तो मनात आकडे मोजू लागला. पन्नास झाले. शंभर झाले. कुणीतरी खोकले. बोधिसत्त्व तसाच उभा होता, जणू सकाळपासून त्याला दुसरे काही काम नव्हते. दोनशेच्या पुढे केव्हातरी सावळीने मोठा श्वास सोडला, भार दुसरीकडे टाकला आणि पाय त्याच्या हातात दिला.

त्याने आकडीने मातीचा थर फोडला. घाण वास सुटला आणि पुढची माणसे मागे सरली.

"किती दिवस?" बोधिसत्त्वाने विचारले.

"दीड महिना, काका," नागिल म्हणाला.

"आणि ढिगल्या?"

नागिलाला मान वर करवेना. "तीन खुरांची माती चारांत वाटत होतो."

बोधिसत्त्वाने पाय अलगद खाली ठेवला आणि तो नागिलाच्याच दगडावर बसला. त्याचा चेहरा उतरला होता. "मी रोज मोजत होतो," तो म्हणाला. "रोज चार भरत होत्या."

सर्वांत आधी तोंड उघडले खंडिलाने. त्याच्याकडे अकरा घोडे होते आणि चाऱ्याची सर्वांत जास्त ओढाताण त्याचीच होई. "काका, झालं ते वाईट झालं. पण उद्याचा एकच दिवस आहे. तेल लावून खूर छान दिसतायत. वाळूत कुणाला कळायचं नाही."

"वाळूत दिसत नाही. दुखायचं तेवढं दुखतंच."

"ऐंशी घरांच्या कुरणापेक्षा एक घोडी मोठी झाली का?"

"कुरण मोठंच आहे, खंडिल. मलाही हवं होतं. पण हिच्या सडलेल्या पायावरून चालत जाऊन ते घ्यायचं नाही."

तेव्हा नागिल पुढे झाला आणि त्याने बोधिसत्त्वाचे पाय धरले. "काका, मला काय हवी ती शिक्षा द्या. पण राजाला सांगू नका. तुम्ही बोललात की ती मेली. कुरणासाठी नाही म्हणत मी, तिच्यासाठी म्हणतोय."

आणि ते खरे होते. लोभासाठी खोटे बोलायला नकार देणे त्याला जड गेले नव्हते. मायेपोटी मागितलेल्या खोट्याला नकार देणे जड गेले. शेवटी तो नागिलाला उठवत म्हणाला, "ती उद्या चालली तर पाय जाईल, आणि पाय गेलेली घोडी शेवटी वाघदरीतच जाईल. खोटं बोलून मला तिला दोन दिवस देता येतील. मला तिला जास्त द्यायचे आहेत."

अंशुमान राजा सिंहासनावर फार वेळ बसत नसे. येरझारा घालतच तो न्याय करी आणि वाक्य पुरे व्हायच्या आत निकाल देई. बोधिसत्त्वाचे बोलणे ऐकून तो एकदम थबकला. "लंगडी? आज सांगतोस? दोष कुणाचा?"

"दोघांचा, महाराज. एकाने खूर न पाहता ढिगली मांडली. दुसऱ्याने खूर न पाहता ढिगली मोजली. तो दुसरा मी. आजपासून मी आळीचा ज्येष्ठ नाही."

"कुरण तुमच्या आळीला मिळणार नाही. घोडी आजच्या आज वाघदरीत जाईल."

"जाईल, महाराज. पण लंगड्या घोड्याला दरीत सोडावं एवढंच आज्ञेत आहे, एकटंच सोडावं असं नाही. मी तिच्याबरोबर जातो. ती स्वतःच्या चार पायांवर नीट चालत वेशीपर्यंत परत आली, तर ती लंगडी नाही असं मानावं. नाही आली, तर मीही यायचा नाही."

राजाने त्याच्याकडे निरखून पाहिले. "किती दिवस?"

"चाळीस."

"एका खुराला चाळीस दिवस! बरं. चाळिसाव्या दिवशी मी वेशीवर येतो." राजाला लगेच दुसरा घोडा निवडायचा होता, त्यामुळे नागिलाला शिक्षा द्यायचे त्याच्या ध्यानातही राहिले नाही.

म्हणजे नागिल मोकळाच सुटला. म्हातारा ती घोडी घेऊन, तिच्या पावलाने थांबत थांबत, वेशीबाहेर गेला. नागिलाला कुणी चल म्हटले नाही, जा म्हटले नाही. तो घरी आला आणि ओसरीवर फेऱ्या घालू लागला. गेलो नाही तरी कुणी विचारणार नाही, आणि गेलो तर तिथे चाळीस दिवस एका जागी बसायचे, जिथे संध्याकाळी वाघाची डरकाळी ऐकू येते. वाघाचे भय होतेच. खरे सांगायचे तर एका जागी बसण्याचे भय त्याहून मोठे होते.

आत कुमुदा भाकऱ्या फडक्यात बांधत होती. "कुणाची शिदोरी ही?" त्याने विचारले.

"जाईल त्याची," ती म्हणाली.

नागिलाने शिदोरी उचलली आणि तो पळत सुटला.

वाघदरीच्या तोंडाशी ओढ्याकाठी बोधिसत्त्वाने सावळीसाठी कोरडी जागा निवडली होती आणि भोवती बाभळीच्या फांद्यांचे कुंपण घालायला घेतले होते. नागिलाला पाहून त्याला नवल वाटले नसावे; निदान तसे त्याने दाखवले नाही. "फांद्या ओढ," तो म्हणाला. कुंपण झाल्यावर त्याने नागिलाला सावळीच्या उजव्या कुशीशी उभे केले. "आता पाय तू माग."

नागिल विसापर्यंत उभा राहिला आणि त्याने हात घातला. सावळीने पाय काढून घेतला. पुन्हा उभा राहिला. पुन्हा तेच. त्याच्या सर्वांगाला मुंग्या येत होत्या, मान पाठ खाजत होती, मागे काय वाजले ते पाहायला डोके वळत होते. सूर्य मावळायला आला तेव्हा दमून त्याचे खांदे पडले, आणि केवळ दमल्यामुळे तो हलला नाही. तेव्हा तिने पाय दिला. बोधिसत्त्वाने तापवलेल्या सुरीने तळ थोडासा कोरला. काळपट पू वाहिला आणि त्याच्याबरोबर अर्ध्या बोटाएवढा बाभळीचा काटा बाहेर आला. त्या खुरात आपण किती दिवस पाहिले नव्हते ते नागिलाला नेमके ठाऊक होते. तो हमसून हमसून रडला.

त्यानंतरचे दिवस एकासारखा एक. सकाळी कोमट मिठाच्या पाण्यात खूर बुडवायचा, पुसून कोरडा करायचा, कडुलिंबाचा पाला वाटून त्यात हळद घालून भरायचा, वर फडके बांधायचे. संध्याकाळी पुन्हा तेच. बाकीचे तीन खूरही रोज उचलायचे, कारण सगळा भार आता त्यांच्यावर होता. आणि प्रत्येक वेळी त्या एका पायासाठी उभे राहायचे. नागिलाला वाटे, हे दिवस पुढे सरकतच नाहीत. कुंपणाच्या आत त्याच्या फेऱ्यांनी पायवाट पडली.

दहाव्या दिवशी सावळीने तो पाय पुरा टेकला. नागिलाच्या आनंदाला पारावार राहिला नाही. बोधिसत्त्व पाला आणायला गेला होता. तो येईतो थांबायला हवे होते. पण थांबेल तो नागिल कसला! त्याने तिला कुंपणाबाहेर काढले आणि ओढ्याच्या गोट्यांवरून पलीकडे नेऊन परत आणले. ती चालली, चांगली चालली. संध्याकाळी खूर पुन्हा तव्यासारखा तापला होता आणि तिने वैरणीला तोंड लावले नाही.

म्हाताऱ्याने पाला खाली ठेवला आणि खुरावर हात ठेवून पाहिले. नागिल बोलणी खायला तयार होऊन उभा होता. काका चिडले असते, चार शब्द बोलले असते, तर त्याला जरा हलके वाटले असते.

"तीस उरले," बोधिसत्त्व म्हणाला आणि मिठाचे पाणी तापवायला बसला.

त्या दिवसानंतर नागिल सुधारला असे म्हणता येणार नाही. पण तो भ्यायला, आणि भिऊन का होईना, उभा राहू लागला. आधी तो आकडे मोजत उभा राही. मग आकडे मोजायचे राहून जाऊ लागले. म्हाताऱ्याचे हात थंडीने आखडले होते, त्यामुळे खूर आता तोच कोरी, तोच बांधी. बोधिसत्त्व शेजारी नुसता बसलेला असे. तिचा श्वास कधी खोल होतो, कान कधी सैल पडतो, भार हलायच्या आधी पाठीवर कसा बारीक थरकाप येतो, हे सारे नागिलाला दिसू लागले. हे सगळे आधीही होत असणार. शिंगरू असल्यापासून ती त्याच्यापाशी होती, आणि तिला त्याने असे कधी पाहिले नव्हते.

एकदा सकाळी, तेहतिसावा की चौतिसावा दिवस असेल, तो तिच्या कुशीला टेकून ओढ्याचे पाणी बघत होता. हातात काहीतरी जड आले म्हणून त्याने खाली पाहिले तर तिचा पाय त्याच्या हातात होता. आपण वाट पाहत होतो हेच तो विसरला होता.

चाळिसाव्या दिवशी वेशीवर ही गर्दी लोटली. राजा पांढऱ्या घोड्यावर बसून आला होता आणि घोड्यासकट येरझारा घालत होता. दरीपासून वेस तीन कोस, आणि रस्ता सगळा खडकाळ. ऊन वर आले तरी कुणी दिसेना. खंडिल म्हणाला, वाघाने तिघांनाही खाल्ले असेल. कुमुदेने त्याच्याकडे असे पाहिले की तो गप्प बसला.

मग वळणावर तिघे दिसले. मध्ये सावळी, एका बाजूला म्हातारा, दुसऱ्या बाजूला नागिल. नागिल घोडीवर बसला नव्हता आणि तिच्या पुढेही गेला नव्हता. वेशीच्या दगडी फरसबंदीवर ती आली तेव्हा सगळ्यांनी श्वास रोखला. चारही टापा सारख्या पडल्या.

कुमुदा ओरडून रडू लागली. लोकांनी आरोळ्या ठोकल्या. राजाही हसला, पण लगेच त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने आपल्या पांढऱ्या घोड्याकडे पाहिले आणि विचारले, "याचे खूर कोण पाहतो?" पागेच्या अधिकाऱ्याने मोतद्दाराकडे पाहिले. मोतद्दाराने दुसऱ्या मोतद्दाराकडे पाहिले. दुसऱ्याला पाहायला मागे कुणी नव्हते, म्हणून त्याने जमिनीकडे पाहिले.

राजा तडक खाली उतरला आणि त्याने स्वतःच घोड्याचा मागचा पाय धरला. घोड्याने दिला नाही. राजाने जोर लावला. घोडा बिथरला. राजाने दात ओठ खाऊन पुन्हा ओढले.

"महाराज, थांबा!"

बोलून गेल्यावर नागिलाला आपण काय बोललो ते कळले. राजाला थांबा म्हणायची त्या नगरात रीत नव्हती. पण शब्द निघून गेला होता, म्हणून तो पुढे गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "ओढू नका. खांदा लावा आणि उभे राहा. तो देईल."

"केव्हा देईल?"

"ते त्याला ठाऊक, महाराज."

राजाने घोड्याच्या कुशीला खांदा लावला. सारे नगर उभे होते. राजाचा पाय थरथरत होता, हाताची बोटे चाळवत होती, दोनदा तो मागे होऊ पाहत होता. नागिल त्याच्या शेजारी उभा होता आणि त्याच्या अंगात कुठेच घाई नव्हती. किती वेळ गेला कुणी मोजले नाही. मग पांढऱ्या घोड्याने मोठा श्वास सोडला आणि पाय दिला. खुरात माती दगडासारखी बसलेली होती. नागिलाने आपली आकडी राजाच्या हातात ठेवली.

त्या दिवशी अंशुमान राजाने चारही खूर स्वतः साफ केले, आणि हात धुण्याआधी वाघदरीची आज्ञा रद्द केली. कुरण मात्र दुसऱ्या आळीला गेले ते गेलेच. खंडिल ते मरेपर्यंत बोलून दाखवत राहिला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा एका विहारात वारण नावाच्या तरुण भिक्षूला उद्देशून सांगितली. त्या विहारात एक वृद्ध स्थविर आजारी होते, त्यांच्या पायांना जखमा झाल्या होत्या, आणि ते पाय रोज धुण्याचे काम वारणाकडे होते. वारणाला ध्यानाची मोठमोठी शिखरे लवकर गाठायची होती. तो चीवराखालून दिसतात तेवढे पाय ओले करी आणि धुतले म्हणून सांगून निघून जाई.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा अंशुमान राजा म्हणजे आज या विहाराला भोजन देणारा सेनापती. कुमुदा म्हणजे त्याला इथवर घेऊन येणारी त्याची बहीण. आळीचा ज्येष्ठ मीच होतो. आणि नागिल, वारणा, तू होतास."

वारण खाली मान घालून बसला होता. त्याने विचारले, "आणि भगवन्, ती घोडी?"

"तिचे पाय आज सकाळी तू अर्धेच धुतलेस," शास्ते म्हणाले. "तेव्हाही तिने तक्रार केली नाही, आजही केली नाही. तू नीट उभा राहशील म्हणून ती वाट पाहते आहे."

वारणाने उठून पाण्याचे भांडे घेतले.

जो दुसऱ्याच्या वेळेने थांबतो आणि थांबताना आपण त्याच्यावर उपकार करतो आहोत असे मनात आणत नाही, त्याच्या ठायी जे असते, त्याला क्षांती म्हणतात.